माती परीक्षण नेटके, चाऱ्याचा सल्ला अपुरा

आमच्या वीस गुंठ्यांत ‘फुले जयवंत’ हे संकरित नेपियर, म्हणजे चाऱ्याचे गवत आहे. यंदा तिसऱ्या कापणीनंतर गवताची उंची भरली. परंतु बुडाकडील जुनी पाने टोकापासून मध्यशिरेच्या कडेने पिवळी पडत गेली आणि गाई गव्हाणीत धांडे तसेच सोडू लागल्या. म्हणून तालुक्याच्या गावातील एका खासगी प्रयोगशाळेकडून माती तपासून घेतली.

नमुना घेण्याच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही. आलेल्या मुलाने बांध, उकिरडा आणि झाडाखालची जागा टाळून आठ ठिकाणी खड्डे घेतले, माती गोणपाटावर पसरून तिचे चार भाग केले आणि अर्धा किलो उरेपर्यंत समोरासमोरचे दोन भाग काढून टाकले. अहवाल नवव्या दिवशी मिळाला : सामू (पीएच) ८.१, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, उपलब्ध नत्र (नायट्रोजन) हेक्टरी १७० किलो. नत्र २८० किलोंच्या खाली असले की जमीन ‘कमी’ गटात धरतात. मात्र हा आकडा थेट मोजलेला नसून सेंद्रिय कर्बावरून काढलेला आहे, हे विचारल्यावरच कळले. ते अहवालातच छापायला हवे होते.

खरी तक्रार सल्ल्याविषयी आहे. ‘हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतोच आहे, गवत जोमाने येईल, वर्षातून युरियाचा एक हात पुरे’, असे तेथील सल्लागारांनी सांगितले. हे अर्धेच खरे आहे. नेपियर हे ज्वारी-उसाप्रमाणे सी-४ गटातले गवत असून पानाच्या आत कार्बन डायऑक्साइड दाट करून घेण्याची सोय त्याच्यात मुळातच असते. हवेतील वाढीव वायूने त्याचा मुख्य फायदा होतो तो पर्णरंध्रे (पानांवरची बारीक छिद्रे) कमी उघडून पाणी वाचण्याचा. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सीडर क्रीक येथे १९९८ पासून उघड्यावरच्या वाफ्यांत वाढीव कार्बन डायऑक्साइड सोडून गवते वाढवली गेली. पहिली बारा वर्षे सी-३ गवते, म्हणजे गहू-भाताप्रमाणे अशी सोय नसलेली गवते, अपेक्षेप्रमाणे पुढे होती. पुढील आठ वर्षांत चित्र उलटून सी-४ गवते पुढे गेली आणि संशोधकांनी त्याचा संबंध मातीतून नत्र मोकळे होण्याच्या बदललेल्या वेगाशी जोडला. शिवाय कर्ब वाढला आणि नत्र तेवढेच राहिले, तर चारा दिसायला भरघोस असूनही त्यातील प्रथिनांचे प्रमाण उतरते.

आमचे गवत तर कापून गोठ्यात जाते. प्रथिनांचा साधारण सहावा हिस्सा नत्राचा असतो; आठ टक्के प्रथिने धरली, तरी एक टन सुक्या चाऱ्याबरोबर सुमारे १३ किलो नत्र शेताबाहेर जाते आणि युरियाच्या ४५ किलोंच्या पोत्यात ते जेमतेम २१ किलो असते. तीन टन चारा गेला की जवळजवळ दोन पोती गेली, आणि सल्ला मात्र वर्षाला एका हाताचा!

हा हिशेब पुढे ठेवल्यावर संचालकांनी वाद न घालता अहवालाच्या पाठीमागे प्रत्येक कापणीनंतरचा हप्ता आणि शेणखताची मात्रा स्वहस्ते लिहून दिली. तपासणीसाठी मी पुन्हा तेथेच जाईन. छापील बाजूला मात्र आमचे नेपियर अजूनही ‘ज्वारी (चारा)’ या रकान्यात आहे.