कॉमसॉलमध्ये १-३ कंपोझिट: कोणी घ्यावं, कोणी घेऊ नये

पीझेडटीची (व्होल्टेज दिलं की आकार बदलणाऱ्या पीझो सिरॅमिकची) साधी चकती मॉडेल करण्यासाठी कॉमसॉल हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर घेणार असाल तर घेऊ नका. जाडीच्या दिशेने कंपणाऱ्या चकतीचं गणित १९७० च्या केएलएम या एकाच दिशेच्या मॉडेलमध्ये बसतं आणि एक्सेलमध्येही सुटतं. या सॉफ्टवेअरचे पैसे वसूल होतात ते सिरॅमिक आणि एपॉक्सीच्या १-३ कंपोझिटवर, आणि मी लिहितेय ते त्याच कामाबद्दल.

आमचं भोसरीत छोटं युनिट आहे, वेल्ड तपासायचे अल्ट्रासॉनिक प्रोब बनवतो. १-३ म्हणजे सिरॅमिकचे बारीक खांब एकाच दिशेने सलग आणि भोवतीची एपॉक्सी तिन्ही दिशांना सलग. आकड्यांची ही पद्धत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या रॉबर्ट न्यूनहॅम आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मांडली. पीझेडटीच्या प्लेटवर डायसिंग सॉने उभे-आडवे चर पाडायचे, एपॉक्सी ओतायची, खालचा सलग भाग घासून टाकायचा. एवढा खटाटोप कशासाठी? मऊ एपॉक्सीमुळे खांबाला बाजूने फुगायला वाव मिळतो. पीझेडटी-५एचच्या सलग चकतीत ०.५ च्या आसपास असलेला कपलिंग गुणांक (विजेचं कंपनात रूपांतर किती चांगलं होतं त्याचं माप) मग ०.६५ च्या घरात जातो. ध्वनिरोधही उतरतो. सलग सिरॅमिकचा साधारण ३४ मेगारेल (ध्वनिरोधाचं एकक), अर्धी जागा एपॉक्सीला दिली की १६ च्या आसपास. पाण्याचा जेमतेम दीड, आणि दोघांचे आकडे जवळ आले की लाट पाण्यात सहज उतरते, तेव्हा हा उतार आम्हाला हवाच असतो.

घोळ होतो पीचमध्ये, म्हणजे खांबांमधल्या अंतरात. आमची प्लेट पाऊण मिलिमीटरची, म्हणजे मुख्य रेझोनन्स अडीच मेगाहर्ट्झच्या आसपास. हे अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, ०.४ मिलिमीटर ठेवलं तर कापणं सोपं जातं, ब्लेडही जास्त टिकतं. पण एपॉक्सीत आडवी लाट सेकंदाला साधारण ११०० मीटर धावते आणि खांबांच्या रांगांमध्ये ठेचकाळत राहते. ११०० ला ०.४ मिलिमीटरने भागा: २.७५ मेगाहर्ट्झ. मुख्य रेझोनन्सच्या अगदी शेजारी! इम्पीडन्सच्या (प्लेटच्या विद्युत रोधाच्या) आलेखावर एका शिखराची दोन होतात आणि प्रोबचा पल्स लांबत जातो. केएलएमला हे दिसणं शक्यच नाही, कारण त्याच्या जगात जाडी सोडून दुसरी दिशाच नाही.

कॉमसॉलमध्ये एकाच खांबाचा, भोवतीच्या एपॉक्सीसकट, पाव भाग रेखाटायचा आणि चारही बाजूंना सिमेट्री लावायची. वर-खाली इलेक्ट्रोड, एकावर एक व्होल्ट, दुसरा ग्राउंड. ऑफिसच्या साध्या मशीनवर हे आरामात सुटतं. मग पीचवर पॅरामेट्रिक स्वीप चालवला (पीच थोडा थोडा बदलत तेच गणित पुन्हा सोडवलं) की शेजारचं शिखर वर सरकताना दिसतं. ०.२ मिलिमीटरला ते साडेपाच मेगाहर्ट्झपर्यंत जातं आणि मुख्य शिखर मोकळं होतं. पीझेडटीची प्लेट कापायच्या आधी हे कळतं, मला एवढ्यासाठीच सॉफ्टवेअर हवं होतं. रंगीत ॲनिमेशन मार्केटिंगवाल्यांना भयंकर आवडतं. मी बघते फक्त इम्पीडन्सचा आलेख, कारण खऱ्या प्लेटवर मोजणाऱ्या ॲनालायझरच्या आलेखाशेजारी ठेवता येतो तो तेवढाच.

मटेरियल लायब्ररीत पीझेडटी-५ए, ५एच यांचे गुणधर्मांचे मॅट्रिक्स तयार मिळतात, तेही आयईईईच्या मानकातल्या क्रमाने. हे वाटतं त्याहून मोठं सुख आहे. ॲन्सिस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये शिअरच्या घटकांचा क्रम वेगळा असतो, त्यामुळे डेटाशीटवरचे आकडे ओळी हलवूनच भरावे लागतात.

दोन गोष्टी मात्र स्वतः बघायच्या. पोलिंगची दिशा (सिरॅमिकला ज्या दिशेने ध्रुवित केलंय ती) मुळात झेड अक्षावर असते. त्रिमितीत ते ठीक, पण द्विमितीत झेड कागदाच्या बाहेर येतो, तेव्हा एक्सझेड प्रतलाची अक्षप्रणाली आठवणीने निवडावी लागते. नाहीतर व्होल्टेज देऊनही जाडी ढिम्म हलत नाही. दुसरं म्हणजे लॉस, मटेरियलमध्ये जिरणारी ऊर्जा. तो वेगळा जोडेपर्यंत शिखरं सुईसारखी टोकदार येतात. ५एचचा यांत्रिक क्यू (लॉसच्या उलट असणारा आकडा) ६५ च्या आसपास, म्हणजे लॉस फॅक्टर साधारण ०.०१५. एपॉक्सीचा त्याहून बराच जास्त धरा.

किंमत लहान युनिटच्या खिशाला जड आहे, यात वाद नाही. मूळ पॅकेजवर पीझोसाठी स्ट्रक्चरल मेकॅनिक्स, मेम्स किंवा अकूस्टिक्स यांपैकी एक मॉड्यूल घ्यावं लागतं. प्रोबवाल्यांनी सरळ अकूस्टिक्स घ्यावं. त्यात पीझोही येतं आणि समोरच्या पाण्यातली लाटही. एमएफसीसारखे (पीझोच्या तंतूंचे) पातळ पॅच पंखावर किंवा पॅनलवर चिकटवून कंपन आवरणाऱ्यांना स्ट्रक्चरल जास्त उपयोगी पडेल.

डेमोला माणूस आला की तो बहुधा बायमॉर्फची (पीझोचे दोन थर चिकटवलेली) वाकणारी पट्टी दाखवेल. ती बघून घ्या, चहा पाजा आणि मग आपल्याच प्लेटची जाडी नि पीच देऊन त्याच्याकडून समोर बसून आलेख काढून घ्या.