चौकोनी शीड की उभं शीड?
चौकोनी शीड जहाजाला आडवं टांगतात, उभं शीड जहाजाच्या लांबीच्या दिशेने लावतात.
पाण्यालगत वारा मंद असतो, वर जोरकस. त्यामुळे धावत्या जहाजावर वरच्या शिडाला तो जरा मागून लागतो. म्हणून चौकोनी शिडांची वरची परबाणं (शीड टांगायच्या आडव्या काठ्या) खालच्यांपेक्षा थोडी कमी वळवतात. मग जहाज वाऱ्याकडे जास्त वळलं की सर्वांत वरच्या शिडाची कड आधी फडफडते. सुकाणूवाल्याची नजर तिथेच हवी. चुकलं तर वारा पुढून भरतो, शीड डोलकाठीवर दाबलं जातं आणि काठीही मोडू शकते.

उभ्या शिडाचं जहाज वारा येतो त्या दिशेच्या ४५–५० अंशांपर्यंत जाऊ शकतं, चौकोनी शिडाचं साधारण ६०–६५. उभ्या शिडाला माणसंही कमी लागतात. पण वारा थेट मागून असला की उभ्या शिडाचा बूम (खालच्या कडेची काठी) अचानक दुसऱ्या बाजूला आदळू शकतो. तिथे चौकोनीच बरं.

गोव्यात बांधलेल्या ‘तरंगिणी’ या नौदलाच्या प्रशिक्षण जहाजावर दोन्ही आहेत: पुढच्या दोन डोलकाठ्यांवर चौकोनी, मागच्या काठीवर उभी.