कांदा लावावा की ऊस? भावात सरकारचा हात कुठे, ते आधी बघा

विहिरीला पाणी आहे, दोन एकर रिकामं आहे आणि उन्हाळ कांदा की ऊस हे ठरत नाही. मजुरीचं, रोगराईचं गणित तुम्हीच मांडा. मी एवढंच बघतो, की या दोन पिकांच्या भावात सरकार कुठे हात घालतं.

उसाला कायद्याचा टेकू आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली केंद्र एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान भाव, ठरवतं. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये. तोडणी-वाहतूक त्यातूनच कापली जाते. १४ दिवसांत पैसे, नाहीतर १५ टक्के व्याज, असा नियम. तरी बिलासाठी हेलपाटे चुकत नाहीत. महाराष्ट्रात दोन कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतर हवं, म्हणून घेणारेही मोजकेच.

कांद्याला हमीभाव नाही. लासलगावला लिलावात पुकारला जाईल तो भाव. हा खुला बाजार, असं कोणी म्हणालं की मला राग येतो. भाव पडतो तेव्हाच तो खुला असतो. जून २०२० मध्ये अध्यादेशाने कांदा जीवनावश्यक वस्तूंच्या यादीतल्या साठ्यावरच्या नेहमीच्या बंधनांतून सुटला, आणि १४ सप्टेंबरला निर्यातबंदी आली! २०२३ मध्ये तर पायरीपायरीने आवळलं : ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याहून स्वस्तात बाहेर विकायचं नाही), ८ डिसेंबरपासून पूर्ण बंदी. ती ४ मे २०२४ ला उठली, तीही ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. कांदा साठवायच्या चाळीत माल ठेवणारा ज्या तेजीची वाट बघतो, नेमकी तीच कापली जाते.

ऊसही सुटलेला नाही. कांदाबंदीच्या आदल्याच दिवशी रसापासून थेट इथेनॉल करण्यावर निर्बंध आले होते. पण तो मार आधी कारखान्याला बसतो. तुमच्या एफआरपीचा आकडा तसाच राहतो. १९८० मध्ये शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या मागे नाशिकचे शेतकरी कांदा आणि ऊस, दोन्हींच्या भावासाठी रस्त्यावर बसले होते, ते उगाच नाही.

माझा कौल : डोक्यावर कर्ज आणि बारमाही पाणी असेल, तर ऊस. चांगली चाळ असेल आणि एक हंगाम मातीमोल गेला तरी घर चालणार असेल, तर कांदा. मात्र सगळा माल दिवाळीसाठी धरून ठेवू नका. जूनपासून थोडा थोडा काढा.