जुन्या पेट्रोल गाडीचा कॅट: युनिव्हर्सल बसवावा की काढून टाकावा?

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा डबा. तो बिघडला की लातूर-नांदेडकडच्या गॅरेजात ‘आतली जाळी फोडून टाका, गाडी पळेल’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. बीएस-४ पेट्रोल गाडीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतं. रिकाम्या डब्यावर ते प्रामाणिकपणे बसणं अवघड. शिवाय कॅटच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर पी०४२० (कॅट नीट काम करत नाही) हा कोड देतो, चेक इंजिन दिवा विझत नाही.

आधी दोष कॅटचाच आहे का, ते बघा. पुढचा, म्हणजे इंजिनकडचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावा. २५०० आरपीएमला दाब ३ पीएसआयच्या वर गेला, तर जाळी तुंबलीच समजा. नुसता कोड असेल तर एक्झॉस्टच्या जोडावरची गळती आधी तपासा. गळतीमुळेही खोटा कोड येतो.

युनिव्हर्सल, म्हणजे बऱ्याच गाड्यांना चालणारा कॅट स्वस्त, बसतोही ठीक. पण त्यात धूर स्वच्छ करणारे महागडे धातू, म्हणजे प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम कमी असतात, म्हणून कोड लवकर परततो. गाडी अजून चार-पाच वर्षं ठेवायची असेल तर कंपनीचाच घ्या. वर्षभरात विकायची तर युनिव्हर्सल चालेल. गॅस्केट, नट-बोल्ट नवेच लावा. जुना कॅट फुकट सोडू नका, भंगारात त्याला चांगला भाव आहे.

कॅट जातो तो बहुतेक मिसफायरमुळे (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळल्यामुळे) किंवा इंजिन ऑइल खातंय म्हणून. प्लग, कॉइल, सीएनजी किटचं ट्यूनिंग आधी नीट करा, नाहीतर नवाही जळेल. आणि मिसफायर होणारी गाडी सोयाबीनच्या भुसावर कधीच उभी करू नका; तापलेल्या कॅटनं भूस पेट घेतं.