फ्रेम मोठी पडतेय: स्टेम बदलायचा की सायकलच?

पहाटे नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर ग्रुपने वेग धरला की चुकलेली साईज लगेच कळते. बाकीचे ड्रॉप्स (हँडलचा खाली वळलेला भाग) धरून वाकलेले, आणि मी वाशीपासून बेलापूरपर्यंत हुड्सवरच, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या वरच्या रबरी पकडीवर. ड्रॉप्स धरले की कोपर ताठ, मान आखडलेली, तळहातांना मुंग्या. सेकंडहँड घेतलेली माझी फ्रेम 56 ची होती आणि मला लागते 52, म्हणजे दोन साईज लहान. दोन हंगाम मी तशीच रेटली.

फरक एकाच साईजचा असेल तर आहे ती सायकल जुळवून घ्या, हे माझं ठाम मत. 110 मिमीचा स्टेम (हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा) काढून 90 चा लावला की हँडल 2 सेंटिमीटर जवळ येतं. जुनं, पुढे लांब जाणारं हँडल काढून कॉम्पॅक्ट, म्हणजे कमी पुढे जाणारं बसवलं तर आणखी साधारण 1. काही हजारांत काम होतं, फक्त आधी बाईक फिट, म्हणजे शरीराच्या मापाने सायकलची तपासणी, करून घ्या. हँडल लांब वाटतं म्हणून सीट मात्र पुढे ढकलू नका. सीटची जागा पेडल आणि गुडघ्यावरून ठरते. मी ती ढकलली आणि येऊरच्या चढावर गुडघ्यात पुढच्या बाजूला कळ यायला लागली. हातांवरचा भार वाढला तो वेगळाच.

रेससाठी मोठ्या फ्रेमची खरी अडचण उंचीची असते, हे मला फार उशिरा उमगलं. लागोपाठच्या दोन साईजमध्ये रीच (फ्रेमची पुढची लांबी) बहुधा 1 सेंटिमीटरच्या आत बदलतो, स्टॅक (फ्रेमची पुढची उंची) मात्र 2 च्या आसपास. म्हणजे 56 वर हँडल 52 पेक्षा जवळपास 4 सेंटिमीटर वर. स्टेमखालच्या चकत्या, म्हणजे स्पेसर, आधीच काढलेले असतील, तर 100 मिमीचा उणे 6 ऐवजी उणे 17 अंशांचा, म्हणजे जास्त खाली झुकणारा स्टेम लावून त्यातले 2 वसूल होतात. बाकीचं हेडट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीच्या) लांबीतच अडकलेलं असतं, तिथे इलाज नाही. त्यात स्टेम 80 च्या खाली गेला की पुढच्या चाकावरचा भार कमी होतो. पारसिक हिलच्या उतारावर वळणं घेताना मला ते जाणवायचं.

फ्रेम लहान असेल तर लांब स्टेम, उंच सीटपोस्ट चालतात. हँडल वर घ्यायला कार्बन स्टीअररवर (स्टेम ज्यावर बसतो ती नळी) किती स्पेसर चालतात, ते मात्र तपासा.

नवी घ्यायची तर शिमानो 105 ग्रुपसेटची (गिअर-ब्रेकच्या संचाची) रेसिंग बाईक लाखाच्या पुढेच जाते. वजनाआधी तिचा स्टॅक आणि रीच बघा, कारण एका कंपनीची 54 दुसरीच्या 52 एवढी असू शकते. हँडल आणि स्टेम एकसंध असेल तर ते दुकानातच तुमच्या मापाचं बदलून मागा; नंतर फार महाग पडतं. जुना ग्रुपसेट नव्या फ्रेमवर चढवायचा विचार रिम ब्रेक (चाकाच्या कडेला दाबणारे) असतील तर सोडून द्या, हल्लीच्या बहुतेक रेसिंग फ्रेम डिस्क ब्रेकच्याच येतात.

मी 56 एका उंच मित्राला दिली आणि 52 घेतली. बदलायचीच असेल तर पावसाळ्यातच बदला. नव्या बैठकीची पाठीला आणि मानेला सवय व्हायला काही आठवडे जातातच, आणि ते रेसच्या तोंडावर जायला नकोत.