सासऱ्यांचा टीबी आणि सरकारी दवाखाना: सहा महिन्यांचा अनुभव

आमच्या अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या टीबीच्या गोळ्या मे २०२५ मध्ये संपल्या. वय ६६. त्याआधीचे सहा महिने मी तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय आणि जिल्ह्याचं सिव्हिल अशा इतक्या खेपा घातल्या, की केसपेपरच्या खिडकीवरचे काका मला बघून नाव न विचारताच लिहायला घ्यायचे. आता ओळखीतलं कुणी ना कुणी फोन करून विचारतं, "सरकारीत न्यावं का गं?" आणि मी अर्धा तास बोलत बसते. तेच एकदा लिहून ठेवते. गावाचं आणि रुग्णालयांचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण तिथे अजून जायचं आहे.

खोकल्याला आम्ही आधी खासगीतच नेलं होतं. तीन बाटल्या सिरप आणि अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, पण एक्स-रे काढा असं कुणी म्हणालं नाही. अण्णा रात्री घामाने भिजायचे, जेवण अर्ध्यावर आलेलं. मग एक दिवस आशाताई लसीकरणाची यादी घेऊन दारात आल्या आणि आतून खोकल्याचा आवाज ऐकून थांबल्या.

"वहिनी, अण्णा किती दिवस खोकतायत?"

"महिना झाला असेल."

"मग मी डब्या आणून देते."

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडका तपासायचा, हा त्यांचा साधा नियम. डब्या दोन, एक लगेच आणि एक सकाळी उठल्याबरोबर. नुसती थुंकी चालत नाही, छातीतून आलेला बेडका लागतो, हे त्यांनी अण्णांना स्वतः दीर्घ श्वास घेऊन खोकून दाखवलं. अण्णा लाजले, पण केलं. तालुक्याला ट्रूनॅटचं मशीन आहे. गोव्याच्या कंपनीचं, बॅटरीवर चालणारं, त्यामुळे लाईट गेली म्हणून अडत नाही. टीबीचा जंतू आहे का आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध त्याला लागू पडेल का, दोन्ही त्यात कळतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. खासगीत महिना गेला, इथे दीड दिवस.

१८ नोव्हेंबरला गोळ्या सुरू झाल्या. त्याच दिवशी निक्षयवर, म्हणजे टीबीच्या सरकारी ऑनलाइन यादीत नोंद, एचआयव्ही तपासणी, शुगरची तपासणी (ती २९० निघाली, आम्हाला पत्ताच नव्हता) आणि वजन. ४६ किलो, म्हणून रोज ३ गोळ्या. ५० च्या पुढे गेले असते तर ४. पहिले दोन महिने एकेका गोळीत चार औषधं, पुढचे चार महिने तीन. २०१७ पूर्वी आठवड्यातून तीनदा घ्यायच्या असत, आता रोज. गोळ्यांचे पत्ते (स्ट्रिप) २८ दिवसांचे. लघवी केशरी होईल, घाबरू नका, असं टीबीच्या भाऊंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर अण्णांनी दुसऱ्या दिवशी गोळ्या फेकल्या असत्या.

या भाऊंबद्दल थोडं लिहायलाच हवं. हुद्दा वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक, पण आमच्याकडे सगळे टीबीवाले भाऊ म्हणतात. मोटारसायकलवर अख्खा तालुका. तिसऱ्या आठवड्यात घरी आले, आम्हा चौघांची विचारपूस केली, माझ्या चार वर्षांच्या मुलीचं वजन बघितलं, तिची तपासणी करून तिला प्रतिबंधक गोळ्या सुरू करून दिल्या. डिसेंबर-जानेवारीत अण्णांचे सांधे इतके दुखायला लागले की ते म्हणाले, मेलो तरी चालेल पण ही गोळी नको. मी भाऊंना फोन लावला. ते म्हणाले, "त्यातलं एक औषध तसं करतं, दोन महिन्यांनी ते बंदच होतं, तोवर डॉक्टरांकडून दुखण्याची गोळी घ्या, पण ही सोडू नका." आणि खरंच जानेवारीच्या मध्यावर पत्ता बदलला तसे गुडघे उतरले. एखाद्या खासगी डॉक्टरने मला रात्री आठला फोनवर हे सांगितलं असतं का, माहीत नाही. भाऊंनी सांगितलं.

इथवर वाचून वाटेल की मी जाहिरात करते आहे. तर आता सिव्हिल.

२९ नोव्हेंबरच्या शुक्रवारी रात्री अण्णांना श्वास लागायला लागला. १०८ ला फोन केला. गाडी पस्तीस मिनिटांत आली, आत डॉक्टर, ऑक्सिजन, पैसे शून्य. राज्यात २०१४ मध्ये अशा ९३७ गाड्या सुरू झाल्या आणि ग्रामीण भागात याच्याइतकी चांगली गोष्ट सरकारने क्वचितच केली असेल. छातीत पाणी झालं होतं. सिव्हिलला रात्री दीड वाजता भरती केलं, सकाळी पाठीतून सुई घालून सव्वा लिटर पाणी काढलं. काढणारी मुलगी शिकाऊ डॉक्टर, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची, डोळे झोपेने लाल, पण हात स्थिर. उपचाराबद्दल तक्रार नाही.

तक्रार गोळ्यांची. गडबडीत टीबीचा पत्ता घरीच राहिला होता. राउंडला मोठे डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू ठेवा. सिस्टर म्हणाल्या, वॉर्डात त्या गोळ्या येत नाहीत, क्षयरोग विभागातून आणा. क्षयरोग विभाग मागच्या इमारतीत, आणि तो शनिवार-रविवार बंद. म्हणजे टीबीचा पेशंट, टीबीमुळेच भरती, दोनशे पावलांवर टीबीच्या गोळ्यांचं कपाट, आणि पेशंट दोन दिवस गोळीविना. शेवटी रविवारी दुपारी जाऊबाईंनी पत्ता प्लास्टिकच्या पिशवीत घालून एसटीच्या कंडक्टरकडे दिला आणि मी स्टँडवर जाऊन घेतला. हुकलेले ते दोन दिवस भाऊंनी नंतर शेवटी वाढवून दिले.

त्या दिवशी स्टँडवर उभी असताना मला या यंत्रणेचं गणित कळलं. तुमचं नाव एखाद्या रजिस्टरात आहे, ते रजिस्टर सांभाळणारा माणूस आहे, तोवर सरकारी आरोग्यसेवा खासगीच्या तोंडात मारेल इतकी चांगली. एका रजिस्टरातून दुसऱ्यात जाताना मात्र मधल्या जागेत तुम्ही कुणाचेच नसता.

याचं कारण मला बरंच नंतर समजलं, कारण आपल्याला वाटतं 'सरकारी' म्हणजे एकच. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, तिथले साहेब जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं, तिथे जिल्हा शल्यचिकित्सक. टीबीला पुन्हा वेगळे जिल्हा क्षयरोग अधिकारी. आरोग्य सेवेची राज्यात आठ मंडळं, ठाण्यापासून नागपूरपर्यंत, आणि प्रत्येकावर एक उपसंचालक. त्यात आमचं सिव्हिल अलीकडे वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं. सातारा, अलिबाग, नंदुरबार, परभणी अशा बऱ्याच ठिकाणी जिल्हा रुग्णालयांचं हेच झालं आहे. महाविद्यालय आलं की कारभारात वैद्यकीय शिक्षण विभाग येतो, म्हणजे मुंबईतला मंत्रीसुद्धा दुसरा.

याचा पेशंटला काय संबंध? १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांना तो निर्णय लागू नाही. खिडकीवर माझ्या पुढचा एक तरुण तावातावाने "सगळं फुकट आहे, पेपरात आलंय" म्हणून भांडत होता, आणि आतला माणूस "ते आमचं नाही" एवढंच म्हणत होता. दोघंही खरं बोलत होते. भिंतीवर एक पाटी लावली असती तरी रोजची पंधरा भांडणं वाचली असती.

दहाव्या दिवशी डिस्चार्ज. १०८ आणते, पोचवत नाही. परतीच्या गाडीला १८०० रुपये गेले. डिस्चार्ज कार्डावर पाच दिवसांची औषधं आणि "टीबी युनिटला दाखवा" अशी ओळ. टीबी युनिटला कुणी कळवलं नव्हतं. मीच भाऊंना फोटो पाठवला.

स्वच्छतागृहाबद्दल लिहून काही नवीन सांगणार नाही. तुम्हाला वाटतं तसंच आहे. जेवण मात्र वेळेवर आणि बरं. वॉर्डातल्या मावशी आणि मामा यांना चहा पाजावा लागतो असं बरेच जण सांगतात, आम्हाला कुणी मागितला नाही. एका मामांनी तर रात्री दोनला दुसऱ्या मजल्यावरून सिलिंडर ओढत आणला आणि नाव विचारलं तर म्हणाले, "नावाचं काय करताय, टोपी आवळा त्या बाबांची, थंडी आहे."

आता सगळ्यात महागात पडलेली चूक. शुगर निघाली म्हटल्यावर ग्रामीण रुग्णालयातच बीपी-शुगरच्या खोलीत पाठवलं. वेगळी खोली, वेगळा केसपेपर, वेगळं रजिस्टर. तिथे दोन गोळ्या लिहून दिल्या, फुकट मिळाल्या, दर महिन्याला नियमित. पण शुगर काही केल्या उतरेना. डिसेंबरात २६०, जानेवारीत उपाशीपोटी २४०. अण्णांवर सगळ्यांचा संशय, चोरून गोड खातात म्हणून. घरात दोनदा कडाक्याचं भांडण झालं, सासूबाईंनी गुळाचा डबा माझ्या कपाटात कुलपात ठेवला.

फेब्रुवारीत नेहमीचे डॉक्टर रजेवर होते आणि दुसऱ्या बाई बसल्या होत्या. योगायोगाने माझ्या हातात दोन्ही केसपेपर होते. त्यांनी एक बघितला, दुसरा बघितला आणि म्हणाल्या, "यांना टीबीचं औषध चालू आहे हे इथे कुणी लिहिलंच नाही?" रिफॅम्पिसिन यकृताला असं कामाला लावतं की शुगरच्या काही गोळ्या शरीरातून लवकर निघून जातात, म्हणजे खाल्ल्या तरी अर्ध्याच खाल्ल्यासारख्या. त्यांनी इन्सुलिन सुरू केलं, टोचायचं कसं ते माझ्याकडून दोनदा करून घेतलं. मार्चमध्ये १३०. अण्णा तेव्हापासून सासूबाईंशी गुळावरून बोलताना फार वरच्या पट्टीत बोलतात, आणि त्यांचा तो हक्क आहे.

खोल्या शेजारी-शेजारी होत्या. मधे एकच भिंत. आता तर ओपीडीत आभाचा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा क्यूआर कोड लावला आहे, मोबाईलने स्कॅन केला की टोकन येतं आणि रांग वाचते, पण खोलीत गेल्यावर पुन्हा कोऱ्या कागदावर सुरुवात. म्हणून माझा सल्ला एकच, पण तो फार गंभीरपणे: सगळे कागद एका पिशवीत ठेवा आणि कुठल्याही खिडकीवर, कुठल्याही डॉक्टरपुढे सगळे मांडा. "हा त्याचा नाही" म्हणाले तरी मांडा. चालू औषधांची यादी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून वर लावा. यंत्रणेतला जोडणारा माणूस म्हणजे पेशंटचा नातेवाईक, आणि त्याला पगार नाही. ज्यांच्या घरी खेपा घालायला कुणी नाही त्यांचं काय होतं, हे मी वॉर्डात बघितलं आहे. अण्णांच्या शेजारच्या खाटेवरचे आजोबा तीन दिवस सीटी स्कॅनच्या चिठ्ठीवर पडून होते, कारण चिठ्ठी घेऊन जाणारं कुणी नव्हतं. शेवटी माझे मिस्टर गेले.

पैशांचं विचारतात म्हणून सांगते. टीबीची औषधं, तपासण्या, पाणी काढणं, इन्सुलिन, कशाला पैसे पडले नाहीत. वॉर्डात असताना दोन इंजेक्शनं आणि एक प्रोटीनची पावडर बाहेरून आणायला सांगितली, सगळे मिळून ११०० रुपये. पावडर गरजेची होती का, मला अजून शंका आहे. टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकारकडून निक्षय पोषणचे महिन्याला १००० रुपये मिळतात, १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते, आणि ते ३००० च्या दोन हप्त्यांत येतात. पहिला हप्ता सुरुवातीलाच यायला हवा, आमचा फेब्रुवारीत आला, कारण अण्णांच्या खात्याला आधार जोडलेलं नव्हतं. हे पहिल्याच आठवड्यात बँकेत जाऊन बघून घ्या. अंडी, दूध, शेंगदाणे यांना ते पैसे खरंच लागतात. अण्णा मार्चमध्ये ५१ किलो झाले, तेव्हा गोळ्या तीनच्या चार झाल्या, आणि गोळ्या वाढल्याचा आनंद झालेला हा जगातला एकमेव पेशंट असावा.

तारे द्यायचे झाले तर टीबीच्या कार्यक्रमाला मी पाचपैकी पाच देईन, १०८ ला पाच, वॉर्डातल्या माणसांना चार, आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्याला एक. तोही त्या बाईंमुळे.

गोळ्या ६ मे रोजी संपल्या, शेवटचा बेडका निगेटिव्ह. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी बोलावलं आहे. पहिली तारीख नोव्हेंबरात. कालच भाऊंचा फोन येऊन गेला, अण्णांचा खोकला कसा आहे विचारायला. मी म्हटलं, खोकला नाही, पण मागच्या आठवड्यापासून बिडी परत सुरू केली आहे. ते म्हणाले, द्या फोन त्यांना.