गाओकाओचा नमुना, केंब्रिज की टोफेल ज्युनिअर? चिनी माध्यमिक शाळेत इंग्रजी ऐकणे-वाचणे तपासायचे तर कशाने

चीनमधल्या शाळेत इंग्रजी शिकवायला रुजू झालेल्या शिक्षकाला पहिल्या महिन्यातच ठरवावे लागते की मुलांना ऐकून किती समजते आणि वाचून किती, हे मोजायचे कशाने. स्टाफरूममध्ये गाओकाओच्या म्हणजे विद्यापीठ प्रवेश परीक्षेच्या जुन्या पेपरांचे गठ्ठे असतात. पालक केईटी-पीईटी या केंब्रिजच्या परीक्षांबद्दल विचारतात. आंतरराष्ट्रीय शाखेचा समन्वयक टोफेल ज्युनिअर सुचवतो, तर काहींना थेट आयेल्ट्सच हवे असते. या सगळ्या परीक्षांत ‘ऐकणे’ आणि ‘वाचणे’ या नावाचे विभाग आहेत, पण त्यांतल्या गुणांचा अर्थ एक नाही.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. मुलांचा क्रम लावायचा असेल तर गाओकाओचा नमुना घ्यावा. पातळी ठरवायची असेल तर केंब्रिज किंवा टोफेल ज्युनिअर. आणि मूल नेमके कुठे अडते ते हवे असेल, तर यांतले काहीच पुरत नाही. त्यासाठी शाळेतच एका तासिकेची चाचणी घ्यावी लागते.

गाओकाओचा नमुना

बहुतेक प्रांतांत चालणाऱ्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत इंग्रजीला १५० गुण आणि १२० मिनिटे आहेत. ऐकण्याचे २० प्रश्न, प्रत्येकी दीड गुण, एकूण ३०. वाचनाचे चार उतारे, १५ प्रश्न, प्रत्येकी अडीच, म्हणजे ३७.५. त्यानंतर एका उताऱ्यातल्या पाच रिकाम्या जागा सात वाक्यांतून निवडून भरायच्या, त्याचे १२.५. उरलेले गुण गाळलेले शब्द, व्याकरण आणि लेखन यांचे.

ऐकण्याच्या पहिल्या भागात पाच छोटे संवाद असतात आणि ते एकदाच वाजतात. प्रत्येकानंतर उत्तर द्यायला आणि पुढचा प्रश्न वाचायला मिळून १० सेकंद. दुसऱ्या भागातले पाच लांब संवाद किंवा निवेदने दोनदा वाजतात; प्रश्न वाचायला प्रत्येकी ५ सेकंद आणि उत्तर द्यायलाही ५. शेवटी उत्तरपत्रिकेवर २बी पेन्सिलने गोल रंगवायला दोन मिनिटे मिळतात. या दोन मिनिटांत एक गोल चुकून सोडला की पुढची सगळी उत्तरे सरकतात. म्हणून सराव चाचणीत कुणाला अनपेक्षितपणे फारच कमी गुण पडले, तर आधी प्रश्नपत्रिकेवरच्या खुणा पाहाव्यात. सुरुवातीला एक शर्ट केवढ्याला, असा नमुना प्रश्न वाजतो. वर्षानुवर्षे उत्तर तेच असल्याने तो कुणी ऐकत नाही. तेवढ्या वेळात मुले पुढचे प्रश्न वाचून घेतात. इथेच या परीक्षेचा स्वभाव दिसतो. ती ऐकण्याइतकीच प्रश्न आधी वाचून अंदाज बांधण्याची परीक्षा आहे. वाचनात मंद असलेले मूल ऐकण्यातही गुण गमावते, आणि गुणपत्रक पाहणाऱ्याला वाटते की त्याचा कानच कच्चा आहे.

दुसरी अडचण हिशेबाची. ऐकण्याच्या प्रश्नांना तीन पर्याय असतात, वाचनाच्या प्रश्नांना चार. डोळे मिटून खुणा केल्या तरी ऐकण्यात सरासरी ३० पैकी १० गुण पडतात. वाचनाच्या चार उताऱ्यांत ३७.५ पैकी साधारण ९.४. आता एखाद्या मुलीला ऐकण्यात २१ (१४ बरोबर) आणि वाचनात २५ (१० बरोबर) मिळाले असे धरा. टक्क्यांत ७० आणि ६७. ‘हिचे ऐकणे वाचण्यापेक्षा बरे’ असा शेरा लगेच लिहिला जातो. नशिबाने मिळणारी उत्तरे वजा केली तर ऐकण्यात २० मधून ६.७ गेले, उरलेल्या १३.३ पैकी तिने ७.३ मिळवले, म्हणजे ५५ टक्के. वाचनात ११.२५ पैकी ६.२५, म्हणजे ५६ टक्के. फरक काहीच नाही. शिवाय २० प्रश्नांच्या चाचणीत १४ बरोबर असतील तर दोन प्रश्नांची म्हणजे तीन गुणांची चढउतार निव्वळ योगायोगाने होऊ शकते. दर महिन्याच्या चाचणीत दोन-तीन गुण वाढले-घटले म्हणून पालकसभेत भाष्य करण्यात अर्थ नाही.

प्रांताप्रमाणे नियम बदलतात, हेही ध्यानात ठेवावे. बीजिंगमध्ये ऐकणे-बोलणे संगणकावर होते, त्याला ५० गुण आहेत, ती परीक्षा दोनदा देता येते आणि चांगले गुण धरले जातात. शांघायमध्ये इंग्रजीची परीक्षा जानेवारी आणि जून अशी दोनदा असते. शानडोंगमध्ये ऐकण्याची परीक्षा जानेवारीतच उरकते. तेव्हा दुसऱ्या प्रांताचा सराव संच स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नये. नववीनंतरच्या झोंगकाओला, म्हणजे उच्च माध्यमिक शाळेच्या प्रवेश परीक्षेला, तर हे आणखी लागू आहे, कारण ती परीक्षा शहर किंवा प्रांत पातळीवरच आखली जाते.

महाराष्ट्रात दहावीला राज्यभर एकाच वेळी ध्वनिफीत वाजवून श्रवणपरीक्षा होत नाही. त्यामुळे तिकडून गेलेल्या शिक्षकाला वर्गातल्या स्पीकरचे महत्त्व पटायला वेळ लागतो. त्याबद्दल पुढे.

केंब्रिज: केईटी आणि पीईटी

चीनमध्ये ही दोन नावे घरोघरी माहीत आहेत. केईटी म्हणजे ए२ पातळी, पीईटी म्हणजे त्यावरची बी१ (ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्यांच्या युरोपीय भाषामापातल्या). शाळकरी मुलांसाठीची आवृत्ती घ्यावी; विषय त्यांच्या वयाचे असतात.

पीईटीच्या वाचनाला ४५ मिनिटे, ३२ प्रश्न आणि सहा भाग. ऐकण्याला सुमारे अर्धा तास, २५ प्रश्न, चार भाग, आणि सगळे दोनदा वाजते. त्यातल्या तिसऱ्या भागात सहा जागा ऐकून लिहून भरायच्या असतात: एखादा शब्द, आकडा, तारीख. इथे अंदाज चालत नाही. गाओकाओच्या नमुन्यात ऐकण्याला बऱ्यापैकी गुण मिळवणारी मुले याच भागात थबकतात, आणि शिक्षकाला सर्वांत उपयोगी माहिती इथूनच मिळते. वाचनाच्या चौथ्या भागात पाच जागांसाठी आठ वाक्ये दिलेली असतात. गाओकाओच्या ‘सातातून पाच’ला सरावलेल्या मुलांना तो ओळखीचा वाटतो, पण तिथे दोन वाक्ये उरतात, इथे तीन.

सराव पेपर घेऊन पातळी काढायची असेल तर वाचनात ३२ पैकी २३ आणि ऐकण्यात २५ पैकी १८ म्हणजे बी१ची रेषा (केंब्रिजच्या मापात १४०). २९ आणि २३ म्हणजे बी२ (१६०). १३ आणि ११च्या खाली कुणी गेले तर त्या मुलाला पीईटी देणेच चुकले. त्याला केईटी द्यायला हवी होती. केईटीत ऐकण्याचे २५ प्रश्न आहेत, तीही दोनदा वाजते. मात्र वाचन आणि लेखन एकाच ६० मिनिटांच्या पेपरात असल्याने वाचनाचे पहिले पाच भाग वेगळे काढून मोजावे लागतात.

धोका एकच, पण मोठा: प्रकाशित सराव पेपर आणि त्यांच्या ध्वनिफिती मुलांनी शिकवणीत आधीच सोडवलेल्या असतात. चाचणीच्या शेवटी ‘हा उतारा आधी पाहिला आहे का?’ असा प्रश्न चिनीत छापावा. अधिकृत परीक्षेच्या जागा मोठ्या शहरांत पटकन भरतात, तेव्हा प्रमाणपत्र हवे असेल तर ते नियोजन वेगळे करावे. सक्तीच्या शिक्षणाच्या टप्प्यात, म्हणजे नववीपर्यंत, शाळाप्रवेशासाठी अशी प्रमाणपत्रे ग्राह्य धरायला शासनाची मनाई आहे, हेही पालकांना स्पष्ट सांगावे.

टोफेल ज्युनिअर

ऐकणे, भाषेची रचना व अर्थ, आणि वाचन असे तीन विभाग. कागदावरच्या प्रचलित आवृत्तीत प्रत्येकी ४२ प्रश्न, सर्व चार पर्यायांचे. वेळ अनुक्रमे ४०, २५ आणि ५० मिनिटे. प्रत्येक विभागाचे गुण २०० ते ३०० मध्ये. प्रश्न जास्त असल्याने एकेका मुलाचा अंक गाओकाओच्या नमुन्यापेक्षा स्थिर येतो. दहा तुकड्यांत मुले वाटायची असतील तर ही सोय मोठी आहे. वाचनाच्या गुणांबरोबर लेक्साइल माप (वाचक आणि पुस्तक यांची पातळी सांगणारा अंक) मिळते, त्यावरून ग्रंथालयातली पुस्तके निवडता येतात.

यातला एक खड्डा बऱ्याच शाळांना दिसत नाही. दोन विभागांच्या रेषा सारख्या नाहीत. ऐकण्यात बी१ २५०पासून सुरू होते, वाचनात २४५पासून. एखाद्याला दोन्हींत २४५ मिळाले तर त्याचे ऐकणे ए२ आणि वाचन बी१. अंक एक, पातळ्या दोन. म्हणून बेरीज सांगू नये, विभागवार पातळी सांगावी.

मजकूर अमेरिकी शाळेतला असतो: वर्गातली सूचना, विद्यार्थ्यांचे संभाषण, छोटे व्याख्यान. ध्वनिफीत एकदाच वाजते. पुढे परदेशी शिकायला जाणाऱ्यांना हे योग्यच. सरकारी शाळेतल्या गाओकाओच्या वाटेवरच्या मुलांसाठी मात्र खर्च जास्त आणि उपयोग कमी.

आयेल्ट्सबद्दल फार लिहीत नाही. ४० प्रश्न एकदाच ऐकून, ४० प्रश्न तासाभरात वाचून, आणि मजकूर प्रौढांचा. अकरावीच्या आधी दिली तर बहुतेक मुले मापाच्या तळाशी गोळा होतात आणि त्यांच्यातला फरकच दिसत नाही.

| | ऐकणे | किती वेळा वाजते | वाचन | कशासाठी |
|---|---|---|---|---|
| गाओकाओ | २० प्रश्न, ३ पर्याय | ५ संवाद एकदा, ५ दोनदा | २० प्रश्न | क्रम, परीक्षेचा सराव |
| पीईटी | २५, काही लिहायचे | दोनदा | ३२ प्रश्न | बी१च्या आसपासची पातळी |
| टोफेल ज्युनिअर | ४२, ४ पर्याय | एकदा | ४२ प्रश्न | तुकड्या पाडणे, ए२ ते बी२ |

कारण शोधायचे असेल तर

दीड मिनिटाचे, सुमारे २०० शब्दांचे ध्वनिमुद्रण घ्यावे. आठ छोटे प्रश्न चिनीत छापावेत आणि उत्तरेही चिनीत लिहू द्यावीत. म्हणजे प्रश्न वाचण्याचा भार निघून जातो. एकदा वाजवा, उत्तरे निळ्या शाईने. दुसऱ्यांदा वाजवा, दुरुस्त्या काळ्या शाईने, खोडाखोड न करता. मग त्याच मजकुराची छापील प्रत वाटा आणि दुरुस्त्या लाल शाईने करू द्या.

काळी शाई बरीच दिसली तर अडचण वेगाची किंवा लक्षात ठेवण्याची. लाल शाई बरीच दिसली तर शब्द माहीत आहेत, पण कानाला ओळखू येत नाहीत. चिनी वर्गात हे फार आढळते. मजकूर हातात असूनही उत्तर सुधारले नाही, तर ऐकण्याचा सराव वाढवून काही होणार नाही, कमतरता शब्दांची आणि वाक्यरचनेची आहे.

लाल शाईवाल्यांना दोन-तीन वाक्यांचे श्रुतलेखन द्यावे आणि चुकांची जात पाहावी. मँडरिनमध्ये अक्षराच्या शेवटी स्वर येतो, नाहीतर न्, ङ् किंवा र्. जोडव्यंजने नाहीत. त्यामुळे ‘आस्क्ट’मधला शेवटचा ‘ट्’ किंवा ‘मन्थ्स’मधला ‘स्’ ऐकूच येत नाही, आणि चिनी क्रियापद काळाप्रमाणे बदलत नसल्याने तो ऐकायला हवा असे मनातही येत नाही. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ची गल्लत सगळीकडे असते. सिचुआन, हुनान भागांतल्या मुलांची न आणि ल यांत गफलत होते, तेव्हा ‘नाइट’ आणि ‘लाइट’ तपासून घ्यावे.

वाचनासाठी ३०० शब्दांचा उतारा पुरे. आधी अनोळखी शब्दांखाली रेघ मारायला सांगा. शंभरात पाचापेक्षा जास्त निघाले तर ती चाचणी वाचनाची राहत नाही, शब्दसंग्रहाची होते, उतारा बदला. अभ्यासक्रमाची अपेक्षा नववीअखेर १६०० आणि बारावीअखेर सुमारे ३००० शब्दांची आहे, त्या यादीशी उतारा ताडून पाहावा. मग वाचायला लागलेला वेळ नोंदवा. गाओकाओत लेखन वगैरेंचा वेळ वजा जाता वाचनाला जेमतेम ३५-४० मिनिटे उरतात आणि उतारे मिळून दीड हजाराच्या आसपास शब्द होतात. मिनिटाला ६० शब्दांनी वाचणाऱ्याची २५ मिनिटे नुसत्या वाचनातच जातात. शेवटी दोन लांब वाक्यांतला कर्ता आणि मुख्य क्रियापद शोधायला लावा. चिनीत विशेषण-वाक्य नामाच्या आधी येते, आपल्या ‘काल आलेला माणूस’सारखे, इंग्रजीत ते नामाच्या मागे लांबत जाते आणि मुले तिथेच वाट चुकतात.

तयार प्रश्न वापरण्याआधी एक खबरदारी: उतारा न देता नुसते प्रश्न दुसऱ्या वर्गाला सोडवायला द्या. चार पर्यायांत चौथाई उत्तरे बरोबर यावीत. निम्मी आली तर प्रश्नच उत्तर सांगतात.

स्पीकर, वेळ, इयत्ता

वर्गातल्या भिंतीवरच्या स्पीकरवर चाचणी घ्यायची असेल तर आदल्या दिवशी शेवटच्या बाकावर बसून ऐकावे. घुमणाऱ्या खोलीत ‘स्’, ‘फ्’, ‘थ्’ आधी हरवतात. दोन वर्गांची तुलना करायची असेल तर दोन्हींना तेच साधन, तीच खोली. शिक्षकाने मोठ्याने वाचून दाखवणे हा पर्याय नाही: प्रत्येक जण नकळत सावकाश आणि शब्द सुटे करून वाचतो, आणि लाल शाईचे निम्मे प्रश्न तिथेच झाकले जातात.

सातवी-आठवीला केईटीचा नमुना वर्षातून दोनदा पुरे. दहावीत सप्टेंबरला पीईटीचे ऐकणे-वाचन घ्यावे आणि दोन आठवड्यांत शाईची चाचणी. अकरावीपासून आपल्या प्रांताचा गाओकाओ नमुना सुरू करावा. बारावीत दुसरे काही आणू नये. परदेशी जाणाऱ्या शाखेत टोफेल ज्युनिअर नववीला, आणि दोन्ही विभाग बी२ला पोहोचल्यावरच आयेल्ट्सचा विचार. अहवालात पातळी लिहायची असेल तर २०१८ मध्ये जाहीर झालेल्या चीनच्या नऊ पायऱ्यांच्या इंग्रजी क्षमता मापाची भाषा वापरावी: तिसरी पायरी साधारण नववीअखेरची, चौथी बारावीअखेरची, आणि ऐकणे व वाचणे यांची वर्णने त्यात वेगवेगळी दिलेली आहेत. पालकांना ती आपल्या भाषेत वाचता येतात.